मोनॅकोत ओव्हरटेक नाही म्हणून रेसच नाही? एकदा बोलूनच टाकतो

पिटलेन_पेठकर
परवा आपल्यातल्याच एकीनं फॉर्म्युला वनबद्दल लिहिलं, "शहरातल्या रस्त्यांवरच्या रेसेस बंद करा. शनिवारी क्वालिफाइंग (सुटायचा क्रम ठरवणाऱ्या फेऱ्या) बघायचं, रविवारी झोपायचं. मोनॅको म्हणजे करोडोंच्या गाड्यांची नुसती रांग." खाली अंगठ्यांचा पाऊस. गप्प बसणार होतो, पण डोक्यातनं जाईना.

2022 चं मोनॅको आठवा. फेरारीचा लेक्लेर पोलवर (सुटताना पहिल्या जागेवर), स्वतःच्या गावात, ओला ट्रॅक वाळत आलेला. रेड बुलचा पेरेझ आधी पिटमध्ये (टायर बदलायच्या जागी) आला, इंटरमीडिएट (ओलसर ट्रॅकचे टायर) घातले आणि सुसाट सुटला. फेरारीनं लेक्लेरला उशिरा बोलावलं. पुढं स्लिकसाठी (कोरड्या ट्रॅकच्या टायरांसाठी) पुन्हा बोलावलं, तेही जोडीदार साइन्झच्या मागोमाग, आणि गडी पिटलेनमध्ये शिरल्यावर रेडिओवर सांगतात, बाहेरच थांब! त्याचा तो ओरडा अजून कानात आहे. पहिला होता, चौथा आला. पुढं गेलेल्या तिघांपैकी एकानंही त्याला ट्रॅकवर ओव्हरटेक केलं नव्हतं. आता ही रांग म्हणायची का?

3.337 किलोमीटरचा ट्रॅक, 78 लॅप. पिटलेनमध्ये 60 ची मर्यादा, बाकी बहुतेक ठिकाणी 80 असते. टायर बदलायला अडीच सेकंद, पण आत जाऊन बाहेर यायला वीसेक जातात. बाहेर पडताना समोर कोण सापडतंय, यावर सगळा खेळ. एरवी अंडरकट चालतो: आधी आत जा, नव्या टायरवर जीव तोडून लॅप मारा, समोरचा आत जाऊन येईतोवर तुम्ही पुढं. मोनॅकोत वळणं हळू, डांबर गुळगुळीत, हार्ड टायर तापायलाच वेळ घेतो. म्हणून कधीकधी जो बाहेर थांबतो तोच फायद्यात. हा हिशोब लॅपागणिक बदलतो. तो करायचा कंटाळा असेल तर खरंच झोपा.

कार्टवाली_राजारामपुरी
ती पोस्ट माझी. रांग म्हणाले होते, रांगच म्हणणार.

2022 ला पाऊस होता दादा. पाऊस पडला की कुठलाही ट्रॅक रंगतो. कोरड्यातलं 2024 सांगा की! पहिल्याच लॅपला पेरेझ, मॅग्नुसन, हल्केनबर्ग आदळले, लाल झेंडा, रेस थांबली. झेंड्याखाली सगळ्यांनी टायर बदलून घेतले, सक्तीचा बदल तिथंच उरकला. पुढं राहिलेली रेस टायर कुरवाळत काढली. पहिले दहा जसे सुटले तसेच दहा पोचले. फॉर्म्युला वनच्या इतिहासात असं आधी कधी घडलं नव्हतं. तेव्हा तुमचा लॅपागणिक बदलणारा हिशोब कुठं होता?

आणि मी नुसती टीव्हीवर बघून बोलत नाही. इथल्या ट्रॅकवर कार्ट (रेसची छोटी गाडी) चालवते. एका रेसला पुढच्या पोराचं इंजिन मरगळलेलं, सरळ पट्ट्यात मी त्याच्या बंपरला नाक लावून. हेअरपिन (जवळजवळ उलटं फिरवणारं वळण) आली की तो आतली बाजू धरून बसायचा. त्याच्या चेनचं तेल माझ्या हेल्मेटच्या व्हायझरवर उडतंय, पुसलं की आणखी पसरतंय, आणि मी मागंच. उतरल्यावर सगळे त्याची पाठ थोपटतायत, "काय डिफेन्स केलास!" डिफेन्स कसला डोंबलाचा, वाट अरुंद होती.

जुनी_सीट
1992 चं मोनॅको. मॅन्सेल आरामात पुढं होता. चाकाचा नट सैल झाल्याच्या शंकेनं पिटमध्ये आला, सेन्ना पुढं गेला. नव्या टायरवर मॅन्सेल कितीतरी वेगवान, शेवटचे लॅप सेन्नाच्या गिअरबॉक्सला चिकटून डावीकडं-उजवीकडं डोकावतोय. जमलं नाही. ती फुटेज बघताना कुणी झोपल्याचं मला माहीत नाही.

कार्टवाली_राजारामपुरी
तीस वर्षांपूर्वीच्या गाड्या काका. 2025 पर्यंतच्या दोन मीटर रुंद आणि साडेपाच मीटर लांब होत्या. डोकावायला जागा तरी होती का?

तिकटीकर
2025 कुणी काढलं नाही अजून? दोन पिटस्टॉप सक्तीचे केले, म्हणे रेस रंगेल. रेसिंग बुल्सच्या लॉसननं मागची सगळी गर्दी रोखून धरली, पुढं त्याचा जोडीदार हजार याला दोन्ही स्टॉपची मोकळी जागा मिळाली. विल्यम्स टीमनं तेच बघून केलं, आधी एकानं अडवलं, मग दुसऱ्यानं. रसेल इतका वैतागला की शिकेन (लागोपाठची उलटसुलट वळणं) कापून विल्यम्सच्या अल्बनच्या पुढं गेला आणि ड्राइव्ह-थ्रू (पिटलेनमधनं हळू जायची शिक्षा) घेतला. वेर्स्टापेन दुसरा स्टॉप शेवटच्या लॅपपर्यंत लांबवत बसला, लाल झेंड्याची वाट बघत. जिंकला कोण? पोलवरचा नॉरिस. म्हणजे सक्ती करून फक्त अडवाअडवी वाढली.

पिटलेन_पेठकर
हजार सहावा, लॉसन आठवा. रेसिंग बुल्ससारख्या टीमला एवढे पॉइंट एका रविवारी! नियमात बसवून केलं. डोकं वापरलं म्हणून शिव्या?

लाल_माती
पोरांनो, गाड्यांतलं मला निम्मं कळत न्हाई, नातू लावतोय म्हणून बघतोय. पण हे जे मुद्दाम हळू चालवणं हाय, त्याचा इलाज कुस्तीनं कवाच काढलाय. पैलवान नुसता अंग चोरून खेळाय लागला की पंच ताकीद देतोय. मग तीस सेकंद. तेवढ्यात गुण न्हाई घेतला तर समोरच्याला एक गुण. लावा की ही तीस सेकंदं त्या लॉसनला.

तिकटीकर
आबा, नाद खुळा! हे एफआयएला (रेसचे नियम करणाऱ्या संस्थेला) कळवा कुणीतरी.

गादी_नको_मातीच
थांबा थांबा. तीस सेकंदांचा नियम गादीचा (मॅटवरच्या कुस्तीचा), मातीत कशाला आणताय? कोल्हापूरची कुस्ती निकाली. चितपट नाहीतर बरोबरी. गुण मोजायला लागले तिथंच कुस्ती बिघडली. एक गुण घ्यायचा आणि उरलेला वेळ कडेकडेनं फिरायचं. हे जे तुम्ही गाड्यांत बघताय ना, ते गादीनंच शिकवलंय.

लाल_माती
गादी न्हाई म्हणून ऑलिम्पिकला जायचं न्हाई का? पोरं काय जत्रंतल्या इनामावर जगणार? महाराष्ट्र केसरीला गादीचा विजेता आणि मातीचा विजेता समोरासमोर येतात, बघत जावा जरा.

गादी_नको_मातीच
मला शिकवू नका आबा. माझा चुलता तालमीत वाढलाय. एका मैदानात त्याची जोड लागली, अंधार पडाय लागला तरी दोघांपैकी कुणी पाठ टेकंना. हलगीवाल्याचे हात भरून आले. शेवटी पंचांनी दोघांचे हात वर करून बरोबरीत सोडवली. माणसं उठून गेली नाहीत. तिथं कुणी गुण मागितला नव्हता.

कार्टवाली_राजारामपुरी
म्हणजे निकाल न लागलेली कुस्ती चालते आणि ओव्हरटेक न झालेली रेसही चालावी, असं म्हणायचंय का? मग तुम्ही पिटलेन_पेठकरच्या बाजूचे झालात की!

गादी_नको_मातीच
मी कुणाच्या बाजूचा नाही. दोघं झुंजत होते हा फरक आहे. लॉसन झुंजत नव्हता.

लाल_माती
तेच तर मी सांगालोय मघापासनं! बरोबरीच्या नावाखाली अंग चोरणारे पैलवान मातीत कमी होते काय? आदल्या दिवशी ठरवून खेळलेल्या कुस्त्या बघितल्यात मी. तुझ्या चुलत्याला विचार, खरं सांगंल.

गादी_नको_मातीच
चुलत्यावर जायचं कारण नाही आबा. वयाचा मान ठेवतोय म्हणून इथंच थांबतो.

जुनी_सीट
ठरवून खेळायचा विषय निघालाच आहे तर 2008 चं सिंगापूर घ्या. रस्त्यावरचा ट्रॅक, रात्रीची पहिली रेस. अलोन्सो पंधरावा सुटला, लवकर पिटमध्ये जाऊन आला. लगेच त्याचाच रेनॉल्टचा जोडीदार पिके ज्युनियर भिंतीवर आदळला, सेफ्टी कार (सगळ्यांना हळू चालायला लावणारी गाडी) आली, बाकीचे अडकले, अलोन्सो जिंकला. वर्षभरानं बाहेर आलं की आदळायला सांगितलं होतं. अरुंद ट्रॅकवर पिटला एवढं महत्त्व दिलं की माणसं इथवर जातात.

पिटलेन_पेठकर
ती लबाडी होती, स्ट्रॅटेजी नव्हे. 2023 चं सिंगापूर सांगतो. साइन्झ पुढं, मागं नॉरिस, त्याच्या मागं नव्या मीडियम टायरवर रसेल आणि हॅमिल्टन झेपावत येतायत. साइन्झनं काय करावं? मुद्दाम वेग कमी केला, नॉरिसला डीआरएसच्या (जवळ असलेल्या मागच्या गाडीला पंख उघडून वेग वाढवू देणारी तेव्हाची सोय) टप्प्यात ठेवला, म्हणजे नॉरिसच मागच्यांना थोपवणार. शेवटच्या लॅपला रसेल भिंतीला लागला. हळू चालवूनच जिंकला की. आता त्याला द्या ताकीद!

कार्टवाली_राजारामपुरी
हे मात्र भारी होतं. घ्या, एक गुण तुम्हाला. आबांचे तीस सेकंद संपायच्या आत मिळाला.

हैदराबाद_फेरी
2023 च्या फेब्रुवारीत हुसेनसागरला फॉर्म्युला ई (विजेवरच्या गाड्यांची रेस) बघायला रात्रीच्या बसनं गेलो होतो. गाड्या 1.7 मीटर रुंद, रस्ता आपल्यासारखाच, पण पुढं-मागं चाललंच होतं. हेअरपिनला बर्डनं स्वतःच्याच जोडीदाराला, इव्हान्सला ठोकलं, जॅग्वारचं दोघांचं वाटोळं. शेवटी व्हेर्न कमी चार्ज घेऊन कॅसिडीला थोपवत जिंकला. त्याच वर्षी मोनॅकोत तोच कॅसिडी नववा सुटून जिंकला. त्या रेसेसमध्ये पिटला टायर बदलणं नव्हतं, काही नव्हतं. तेव्हा दोष रस्त्याला देऊ नका, गाडीच्या आकाराला आणि मागं सोडलेल्या घाणेरड्या (घुसळून निघालेल्या) हवेला द्या.

माझी तक्रार वेगळीच आहे. एवढे पैसे मोजून जाळीतनं बघायचं. गाडी डोळ्यापुढनं गेली की पुन्हा येईतोवर मान वर करून पडद्याकडं. शाहू महाराजांनी खासबाग बांधलं, कुठंही बसा, आखाडा दिसतो. 1912 सालचं मैदान आहे ते.

गादी_नको_मातीच
हे एक वाक्य या सगळ्या चर्चेत पटलं.

कार्टवाली_राजारामपुरी
2026 च्या नियमात गाडी दहा सेंटिमीटरनं अरुंद आणि चाकांमधलं अंतर वीस सेंटिमीटरनं कमी. दहा सेंटिमीटरनं मोनॅको रुंद होतंय का सांगा पिटलेनदादा.

पिटलेन_पेठकर
होत नाही. पण तू रविवारी झोपणार नाहीस, हे मला माहीत आहे.

कार्टवाली_राजारामपुरी
शिव्या घालायला जागी राहीन.

तिकटीकर
गादी-मातीचा वेगळा धागा काढा रे कुणीतरी, इथं गाड्यांना जागा उरली नाही.

लाल_माती
काढतो. पण माझ्या तीस सेकंदांचं उत्तर अजून कुणी दिलं न्हाई.