मदत हवी आहे: किनाऱ्यावर सापडलेला पक्षी आणि घाटाखालचा ‘गरुड’ (सिंधुदुर्ग)

नमस्कार मंडळी. दोन नोंदी अडल्या आहेत. जाणकारांनी मदत करावी.

पहिली नोंद वेंगुर्ल्याजवळच्या किनाऱ्याची. जूनमध्ये तीन दिवस वादळी वारा आणि पाऊस होता. तो ओसरल्यावर सुरूच्या झाडांखाली एक मोठा पक्षी बसलेला दिसला. उडता येत नव्हतं. फोटो काढून ठेवलाय. आधी वाटलं, वेंगुर्ला रॉक्स बेटांवरचा सुरय (टर्न) असेल, पण हा बदकापेक्षाही मोठा. चोच लांब, टोकदार. डोकं आणि पाठ तपकिरी, पोट पांढरं. पायाची चारही बोटं पडद्याने जोडलेली. समुद्री पक्ष्यांच्या चित्रांत शोधल्यावर बूबी असावा असं वाटतंय, पण मास्क्ड बूबी की ब्राऊन बूबी?

मुलं त्याला पुन्हा पाण्यात सोडायला निघाली होती, त्यांना थांबवलं. कुणीतरी चोच सुतळीने बांधून ठेवली होती, ती मी लगेच सोडली. मासळीच्या क्रेटमध्ये कापड घालून त्यात ठेवलं, वर दुसरं कापड टाकलं आणि वनखात्याच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन केला. वनखात्याची माणसं येऊन घेऊन गेली. माझं काही चुकलं का? रात्रभर हाच विचार डोक्यात होता.

दुसरी नोंद दोडामार्गची, तिलारीच्या बाजूची. मामांच्या बागेपलीकडे ओढ्यावर उंबर आहे. मामा म्हणतात, "त्येच्यार गरुड येतत." मी एकदाच पाहिला, तोही उडून जाताना. पंखांचा आवाज एवढा मोठा की मान वर केल्याशिवाय राहवत नाही. चोच मोठी पिवळी होती एवढं नक्की. गरुडाची चोच अशी नसते, मग हा कोण?

प्रतिसाद १

चोच सोडलीत हे फार चांगलं केलंत. बूबीला बाहेरून नाकपुड्या नसतात, तो चोचीच्या कडेने श्वास घेतो. चोच घट्ट बांधली तर गुदमरून मरतो. चोचीत पाणी ओतायचं नाही आणि दमलेल्या पक्ष्याला परत लाटांत ढकलायचं नाही. पावसाळी वाऱ्याने ढकलले गेलेले हे पक्षी किनाऱ्याला येतात ते थकून, उपाशी. अंधारं, शांत खोकं आणि वनखातं, हाच उपाय.

आता ओळख. फोटोत मानेचा मागचा भाग बघा. तपकिरी डोकं आणि तपकिरी पाठ यांच्यामध्ये पांढरा पट्टा असेल, तर मास्क्ड बूबीचं पिल्लू. पट्टा नसेल आणि तपकिरी रंग छातीपर्यंत उतरून एका सरळ रेषेत थांबत असेल, तर ब्राऊन. मास्क्ड बूबीची वीण ओमानजवळच्या बेटांवरही होते, त्यामुळे अरबी समुद्रात तो असणं नवल नाही. जमिनीवर हाताशी येणं मात्र विरळाच. नोंद जरूर करा.

प्रतिसाद २

मामांचा गरुड म्हणजे धनेश (हॉर्नबिल)! कोकणात बऱ्याच गावांत महाधनेशाला गरुडच म्हणतात. पण मलबारी कवड्या धनेशही तिथेच फिरतो, म्हणून शेपटी आणि मान बघा. महाधनेशाची मान पिवळसर, पंखावर आडवा पांढरा पट्टा, शेपटी पांढरी आणि तिच्यावर काळा पट्टा. कवड्याची मान काळी, शेपटीची मधली पिसं काळी आणि कडेची पांढरी.

उंबर पिकला असेल तर पहाटे जा. झाडापासून लांब, आडोशाला बसा. विणीच्या दिवसांत मादी ढोलीत बंद असते आणि नर एकटाच तिला फळं पुरवतो. तो बिचकला तर तिची आणि पिलांची उपासमार होते.

धागालेखक

मनापासून आभार. फोटो मोठा करून पाहिला, मानेवर पांढरा पट्टा स्पष्ट आहे. मास्क्ड बूबीचं पिल्लू. पक्षी कसा आहे ते वनखात्याला उद्या विचारतो. उंबराला फळं धरलीत असा मामांचा निरोप आलाय. रविवारी दोडामार्गला जातो, शेपटी बघूनच नोंद टाकतो.