आयईएलटीएसच्या क्लासमध्ये इंग्रजी शिकवायचं की परीक्षा?

नौपाडेकर:
भाचीने ठाणे स्टेशनजवळ आयईएलटीएसचा, म्हणजे परदेशी शिकायला-नोकरीला जाण्यासाठीच्या इंग्रजीच्या परीक्षेचा क्लास लावलाय. वही चाळली. निबंधाची पहिली ओळ आयती छापलेली, 'इन धिस मॉडर्न एरा ऑफ टेक्नॉलॉजी', पुढे गाळलेल्या जागा. विषय प्रदूषण असो वा वृद्धाश्रम, सुरुवात हीच! याला इंग्रजी शिकवणं म्हणायचं? घोकलेली वाक्यं परीक्षकाच्या लक्षात येतात आणि बँड (नऊपैकी मिळणारा गुण) खाली येतो. त्यापेक्षा सहा महिने रोज वाचावं, बोलावं. परीक्षा आपोआप निघेल.

वाशीची टीचर:
काका, आपोआप काही निघत नाही हो. माझ्याकडे इंग्रजी माध्यमातले इंजिनिअर येतात. फाडफाड बोलतात आणि रायटिंगला सहावर अडकतात. ६० मिनिटांत दोन टास्क असतात. पहिला किमान १५० शब्दांचा, अ‍ॅकॅडमिकला, म्हणजे विद्यापीठात शिकायला जाणाऱ्यांच्या पेपरला, बहुतेकदा आलेख किंवा तक्ता. दुसरा २५० शब्दांचा निबंध, त्याला दुप्पट वजन. ही मंडळी आलेखातला आकडा न् आकडा लिहीत बसतात, अर्धा तास तिथेच जातो आणि निबंध अर्धवट राहतो. लिसनिंगमध्ये 'दोनच शब्द' अशी अट असताना तीन लिहितात, की गेला मार्क. हे नुसतं वर्तमानपत्र वाचून कसं कळणार?

नौपाडेकर:
एवढं दोन रविवारी शिकवून होतं. बाकीची बॅच कशासाठी? साच्यांसाठीच ना?

वाशीची टीचर:
दोन रविवारी सांगून होतं, हात बसत नाही. आणि साचा मी देते, लपवत नाही. मराठी माध्यमातली मुलगी त्याच्या आधाराने निदान लिहायला तरी बसते. पुढे तो काढून घ्यायचा असतो. तिथे बरेच क्लास कच खातात, हे मान्य.

घोडबंदरवाला:
आमच्याकडे तर अमेरिकन अ‍ॅक्सेंटचे वेगळे पैसे घेतात. ठाणेरी अ‍ॅक्सेंटचे मार्क कापत नाहीत, बोललेलं समजलं की झालं. नुसती लूट.

नेरूळची सिस्टर:
ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलला आयईएलटीएसमध्ये रायटिंगला ६.५ आणि बाकी तिन्हींत (लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंग) ७ लागतात. पण असले निबंध लिहून मी वॉर्डात काय दिवे लावणार? मी ओईटी दिली, नर्स-डॉक्टरांसारख्यांसाठीची इंग्रजीची परीक्षा, तीही तिथे चालते. त्यात केस नोट्स (पेशंटच्या नोंदी) देतात आणि ४५ मिनिटांत त्या वाचून पत्र लिहायचं, रेफरलचं किंवा डिस्चार्जचं. स्पीकिंगला समोरच्याला पेशंट समजून बोलायचं. साचे याचेही विकतात, बरं का! पण काय गाळायचं ते साचा सांगत नाही. फिजिओथेरपिस्टला लिहिताना लहानपणीचं टॉन्सिलचं ऑपरेशन कशाला? जिना उतरताना आजींचा तोल जातो, ते आधी आलं पाहिजे. मी टॉन्सिल लिहिलं की आमच्या मॅडम त्यावर लाल रेघ मारायच्या. टीचर, ही परीक्षेची तयारी झाली की इंग्रजीची?

वाशीची टीचर:
दोन्हीची. पण सिस्टर, तुमची परीक्षा तुमच्या कामाचीच आहे. एमएसला निघालेल्या पोराला ही सोय नाही. त्याला नावडत्या विषयावरही लिहावं लागतं. काका, भाचीची तारीख कधीची? महिनाभरावर असेल तर वाचन-बिचन राहू द्या, घड्याळ लावून मॉक टेस्ट द्यायला बसवा.

नौपाडेकर:
तारीख घेतलेलीच नाही अजून. म्हणूनच म्हणतोय, आधी वाचू दे. क्लासने फी मात्र पूर्ण आगाऊ घेतली आहे.