ग्रुपबरोबर पळणं होतं, पण मैत्री काही जुळत नाही. काय बदलावं?

संथपावली:
आठवड्यातून तीन दिवस ग्रुपबरोबर ५ किमी. माझा पेस किलोमीटरला ८ मिनिटं, बाकीच्यांचा साडेसहाच्या आसपास. सुरुवातीला नमस्कार, शेवटी फोटो, मधला सगळा वेळ एकटं. पेस वाढवावा, ग्रुप बदलावा की आहे तिथेच काही करता येईल?

घड्याळवाले:
मैत्रीसाठी पेस वाढवू नका. दम लागला की बोलणं आधी बंद होतं. पळताना पूर्ण वाक्य सलग बोलता येतंय, तोच गप्पांचा पेस.

तुमची अडचण अंतर ठरवून पळण्यात आहे. ते साडेबत्तीस मिनिटांत ५ किमी संपवतात, तेव्हा तुमचं जवळजवळ एक किलोमीटर उरलेलं असतं. त्यापेक्षा वेळ ठरवा. प्रत्येकाच्या घड्याळात २० मिनिटांचा गजर लावायचा आणि तो वाजला की जिथे असाल तिथून मागे फिरायचं. तोवर पुढचे ३ किमीच्या थोडे पुढे गेलेले असतात, तुम्ही अडीचवर. वळल्यावर तुम्ही सगळ्यांच्या पुढे! जाताना आणि येताना पेस सारखा ठेवला तर चाळिसाव्या मिनिटाला सगळे एकत्र पोचतात. जाताना जोर लावणारा मात्र परतीला ढेपाळतो आणि उशिरा येतो, हे आधीच सांगून ठेवा.

शेवटचा_गडी:
वरचा उपाय उत्तम. अंतर धरूनच पळणार असाल तर थांबण्याची पद्धत सुधारा. बहुतेक ग्रुपमध्ये होतं असं: पुढचे कोपऱ्यावर थांबतात, मागचा धापा टाकत पोचतो आणि त्याच क्षणी पुढचे "चला" म्हणून सुटतात. म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही, आणि थांबलेल्यांच्या पोटऱ्या आखडतात त्या वेगळ्याच. पुढच्यांनी उभं न राहता वळून शेवटच्यापर्यंत यावं. त्यांचं अंतर वाढतं, शेवटच्याला सोबत मिळते. थांबायचंच असेल तर "चला" म्हणण्याचा मान शेवटच्याचा.

शेवटच्याबरोबर राहण्याची पाळी लावा. पार्करनमध्ये (दर आठवड्याला बागेत होणारी ५ किमीची मोफत धाव, २००४ साली लंडनच्या बुशी पार्कात १३ धावपटूंनी सुरू झालेली) सर्वांत मागे एक स्वयंसेवक चालत असतो, त्यामुळे सहभागी कोणीही शेवटचा ठरत नाही. हॅश हाउस हॅरियर्स या पळणाऱ्यांच्या क्लबची युक्ती त्याहून जुनी, १९३८ची, क्वालालंपूरची. वाटेवर खुणा टाकायच्या, त्यांत काही फसव्या. पुढचे चुकीच्या वाटेने जाऊन परत फिरतात, तेवढ्यात मागचे त्यांना गाठतात.

ट्रॅकप्रेमी:
४०० मीटरचा ट्रॅक असेल तर काम आणखी सोपं. ३ मिनिटं आपापल्या जोराने पळा, मग २ मिनिटं चालत सगळ्यांनी एका ठरलेल्या खुणेकडे या. असं सहा वेळा. चालतानाच्या त्या दोन मिनिटांत खरं बोलणं होतं.

पहाटवारा:
पेस जुळला तरी पळून झाल्यावर सगळे लगेच पांगत असतील तर ओळख तिथेच अडते. नंतरची १५ मिनिटं स्ट्रेचिंगसाठी राखून ठेवा, रोज त्याच जागी. गोल करून उभे राहा, रांगेत नको. रांगेत फक्त शेजारच्याशीच बोलणं होतं. पळताना दोघं-दोघं, आणि अर्ध्यात जोड्या बदला.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप फक्त वेळ, जागा आणि येणार की नाही एवढ्यासाठी. कोणी लागोपाठ दोनदा दिसलं नाही तर एकाने वैयक्तिक फोन करावा. ग्रुपमध्ये सगळ्यांसमोर "कुठे गायब?" विचारलं की माणसाला हजेरी घेतल्यासारखं वाटतं. गुडघा-घोटा दुखावलेल्यांकडे तर आवर्जून लक्ष द्या. ग्रुप तुटतो तो बहुतेक इथेच: पळता येत नाही म्हणून माणूस यायचा थांबतो आणि बरा झाल्यावरही परतत नाही. त्यांना घड्याळ लावून वेळ नोंदवायला, पाण्याच्या बाटल्या सांभाळायला, स्ट्रेचिंगला बोलवा.

संथपावली:
गजराचा प्रयोग पटला. पण इतक्या जणांना सांगायचं कसं?

घड्याळवाले:
सगळ्यांना एकदम सांगू नका, चर्चाच होत राहते. ज्यांचा पेस तुमच्यापेक्षा फार तर अर्ध्या मिनिटाने वेगळा आहे अशा एकाला विचारा, "येत्या रविवारी २० मिनिटं जाऊन परत फिरायचं का?" दोघं ठरले की तिसऱ्याला सांगा. वार आणि वेळ मात्र महिनाभर बदलू नका.