अनुभव धागा : सांगली-मिरजेतली कामाची माणसं टिपताना

पेठा बदलतायत, जुने धंदे आवरते होतायत. माणसाचा फोटो त्याच्या कामाच्या जागी टिपणाऱ्यांनी इथे नेमकं लिहा: लेन्स, उजेड, काय बिघडतं.

मार्केट यार्ड, सांगली
हळदीच्या गोदामात आधी रंग फसतो. ढिगावरून परतलेला पिवळा उजेड हनुवटीखाली चढतो. ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यानं आपोआप जुळवलेला रंगाचा तोल) तो मारायला जातो नि चेहरा राखी पडतो. पांढरा कागद दाराकडे तोंड करून धरा, ढिगाकडे नको, आणि त्यावर बॅलन्स बांधा. हनुवटीखालचा पिवळेपणा राहू द्या, तो त्या जागेचाच आहे. रॉमध्येच काढा, म्हणजे कच्च्या फाइलमध्ये, रंग नंतर सुधारता येतो.

३५ मिमी लेन्स, दीड मीटर अंतर, एफ/४ (लेन्सच्या झरोक्याचं माप). फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर) पुढंमागं मिळून ४५ सेंटिमीटरभर नीट दिसतं, म्हणजे चेहरा आणि खांद्यावरचं पोतं दोन्ही. त्याहून जवळ गेलात की नाक फुगतं. पोतं चढतानाचे हात गोठवायला शटर १/२५० सेकंद तरी हवं. पांढरी टोपी असेल तर एक्स्पोजर पाऊण स्टॉप कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). काळोख नंतर उचलता येतो, जळलेली टोपी परत येत नाही.

लेन्स तिथं बदलू नका. पूड आधी ब्लोअरनं उडवायची, मगच कापड. नाहीतर काचेवर ओरखडे.

आणि “मामा, जरा उभं राहा” म्हटलं की माणूस ताठतो. काम चालू राहू द्यावं.

हरभट रोड, सांगली
दुकानांतल्या स्वस्त एलईडीखाली फोटोवर आडवे पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० ठेवा.

सतारमेकर गल्ली, मिरज
जवारी काढताना (सुरात झंकार यावा म्हणून घोडी घासताना) कारागीर कानस घेऊन घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, वाकलेला असतो, उभ्यानं काढलात तर नुसतं डोकं मिळतं. खाली बसा, कॅमेरा भोपळ्याच्या उंचीला. दोन-चार हात कानस फिरली की तो तार छेडतो आणि कान देऊन ऐकतो. चेहरा तेव्हाच वर येतो. सायलेंट शटर लावा, कारण खटका त्या ऐकण्यात आडवा येतो. पण एलईडीखाली त्यानंही पट्टे येतात, तेव्हा दिवा बंद करायला सांगून खिडकीच्या उजेडावर काढा.

कृष्णाकाठ
२००५, २०१९, २०२१ च्या पुराच्या खुणा भिंतीवर असतील तर माणसाला त्यांच्या शेजारी उभं करा. उंची आपोआप कळते. नाव छापायची परवानगी, काम, जागा, तारीख त्याच दिवशी लिहा. ५ बाय ७ ची प्रत हातात नेऊन द्या. मोबाइलवर पाठवलेला फोटो भिंतीवर लागत नाही.