मदत हवी आहे: व्हेपवर (ई-सिगारेटवर) येऊनही सकाळची सिगारेट सुटत नाही

मुक्काम लंडन. रिफिलचा पॉड (पुन्हा भरता येणारा छोटा व्हेप), त्यातल्या द्रवात निकोटिन सॉल्ट (निकोटिनचा क्षार) २० मिग्रॅ प्रति मिली. इथे कायद्याने याहून जास्त मिळत नाही. दिवस निभतो, पण उठल्या उठल्या आणि चहानंतरची सिगारेट सुटत नाही. १० मिग्रॅवर उतरलो तर सिगारेटी वाढल्या, म्हणून परत २०. कॉइल (द्रव तापवणारी तार) नवी आहे, जळका वास नाही. सिगारेटइतकं निकोटिन झटकन चढत नाही, गोम तिथेच वाटते. दोन्ही चालू ठेवून धुराचा धोका टळत नाही, त्यामुळे सिगारेट पूर्णच सोडायचीय.

दिवाळीत पुण्याला येतोय. भारतात २०१९पासून ई-सिगारेटवर बंदी, म्हणजे व्हेप आणता येणार नाही. बीपी, हृदयाचा त्रास नाही. सिगारेट सोडवणाऱ्या गोळ्या नकोत.

रात्रभर राहणारा २४ तासांचा २१ मिग्रॅचा निकोटिनचा पॅच (त्वचेवर चिकटवायची पट्टी) आणि सकाळी ४ मिग्रॅची निकोटिनची चघळायची गम, असं कोणी केलंय का? पॅच असताना व्हेप चालू ठेवला होता की प्रवासाआधीच सोडला?