प्रति: आईवडिलांना शहरात आणावं का?
शहरातल्या दवाखान्याचा खर्च झेपत नाही म्हणून आईवडिलांना गावीच ठेवावं, हे वर कुणी लिहिलंय ते मला पटत नाही. धर्मादाय, म्हणजे सार्वजनिक ट्रस्टने चालवलेल्या, रुग्णालयांचा विषय अजून निघालाच नाही. महाराष्ट्रात त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात.

आम्ही साताऱ्याहून पुण्यात आलो आणि वर्षभरातच बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. रुग्णालय धर्मादायच होतं, पण बिलाच्या खिडकीवर या सवलतीबद्दल आपणहून कुणी काही सांगितलं नाही. शेजारच्या खाटेवरच्या मावशींनी समाजसेवकाची खोली दाखवली. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला गावच्या ट्रंकेत! भाऊ रात्रीच्या एसटीने तो आणि रेशनकार्ड घेऊन आला, तेव्हा कुठे सवलतीचा अर्ज घेतला. सामान बांधताना हे दोन कागद आधी घ्या.