जखम आहे म्हणून संसर्ग आहेच असं नाही
‘शुगरवाल्याच्या पायाला जखम दिसली की आधी अँटिबायोटिक सुरू करा’ हे इथे कुणीतरी मांडलेलं मत पटलं नाही. लाली, सूज, गरमपणा, दुखणं, पू यांपैकी निदान दोन गोष्टी दिसल्या तर संसर्ग धरतात. संसर्ग नसेल तर अँटिबायोटिक देऊ नये, असं २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात.

बाबांच्या तळव्याच्या जखमेवर गोळ्यांचे दोन कोर्स झाले, पोट बिघडलं ते वेगळंच. मग दुसऱ्या ओपीडीतल्या डॉक्टरांनी गोळ्या बंद करून कडेची घट्टा पडलेली कातडी ब्लेडने तासली, आणि दाब येऊ नये म्हणून चपलेच्या तळात जखमेच्या जागी तेवढाच खळगा करून घ्यायला लावला. तेव्हा कुठे जखम भरू लागली. आणि कल्चर (कोणते जंतू आहेत ते पाहायची तपासणी) करायचंच झालं तर वरवरचा स्वॅब (कापसाच्या बोळ्याने पुसून घेतलेला नमुना) नको, जखम साफ करून जखमेच्या तळातला मांसाचा तुकडा पाठवायला सांगा.